माणसं किती बसतात?

बसा जी, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय हालते, इकडं हॉलच्या पंख्याखाली बसा. पाणी ठेवलं आहे तुमच्या बाजूले, घ्या. नको म्हणता? बरं, राहू द्या तिथंच, मंग घ्या. तुमचं ते मशीन सुरू झालं काय? मंग सुरुवातीपासूनच सांगते. माझं नाव सुमन. माहेर माझं अर्जुनीकडचं अन् सासर हे, करडीच्या अलीकडचं गाव, तुमी येता येता पाह्यलंच असन, दोन्हीकडं धानाच्या बांध्या अन् मधात सडक. माझं लग्न झालं तवा सारा भंडारा एकच जिल्हा होता, अन् मांडवाचे बांबू काढून होत नाई तं गोंदिया वेगळा झाला, मतलब माहेर गेलं गोंदियात अन् मी राह्यली भंडाऱ्यात. माझा बाप साऱ्याइले सांगे, म्या पोरगी देली होती आपल्याच जिल्ह्यात, सरकारनं तिले परजिल्ह्यात नेऊन टाकलं.

त्या बापानंच माझं नाव काहूनबाई ठेवलं होतं. काय सांगू तुमाले, मले लहानपणापासून पुसायची सवय. रोवणी चालू राह्यली का मी बांधीच्या काठाले धुऱ्यावर बसून पुसो, रोवणाऱ्या बाया मागं मागं काहून सरकतेत, पुढं पुढं काहून नाई जात. बाप म्हणे, पुढं गेल्या तं आपणच रोवलेलं धान आपणच तुडवतीन, एवढं नाई समजत काय. मंग मी पुसो, तलावातल्या कमळाच्या पानावर पाणी काहून थांबत नाई. त्याचं उत्तर त्याले येत नव्हतं, मंग तो चिडे. म्हणे, तुले नवरा बहिरा भेटो. बहिरा नाई भेटला, पण कमी बोलणारा भेटला. माझा माणूस सायकलनं वरठीकडं जाये, ठेकेदाराच्या हाताखाली कामाले, अन् आला का हातपाय धुऊन चूपचाप जेवे, दहा गोष्टी पुसल्या तं एकीचं उत्तर दे. मी रेजा होती. रेजा मतलब मिस्त्रीच्या हाताखाली विटा अन् माल वाहणारी बाई, डोक्यावर घमेलं अन् कमरेले पदर खोचलेला. कितीकिती घरं बांधली, शाळेच्या खोल्या बांधल्या, पाण्याची टाकी बांधली, पण एखादी भिंत इथंच काहून अन् तिथं काहून नाई, हे पुसल्याबिगर माझं घमेलं उचललं जात नव्हतं. मिस्त्री म्हणे, सुमन, तू विटा दे वं, भिंतीची पत्रिका नको काढू.

घरात सोबत होती ती माझ्या सासूची. आमची बुढी. आता तिकडं स्टेजजवळ सतरंजीवर झोपली आहे, दुपारी हॉलच्या गारव्याले येते, उठन तं तुमाले भेटनच, आली का पह्यले तुमचं गाव पुसन. आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध, बुढी तवा लहान पोट्टी होती. शाळा तिनं पाह्यली नाई, पण कान असे का एकदा ऐकलं तं जन्मभर राह्यलं. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज दुपारी ग्रंथवाचन होते, बाया पांढरं लुगडं नेसून जातेत, एखादी शिकलेली पोट्टी वाचते अन् बाकीच्या ऐकतेत. तं वाचणारी पोट्टी वाचे भराभर, पुस्तकातल्या भाषेत, अन् पान सरलं का साऱ्या बाया बुढीकडं पाहात. मंग बुढी सांगे, याचा अर्थ असा आहे, आपल्या तलावाचं उदाहरण घ्या, आपल्या बांधीचं घ्या. असं सांगे का शेंबडं पोट्टं बी समजून जाये. मी कामावरून येऊन पुसो, आई, आज काय झालं, अन् ती चुलीजवळ बसून सारं मले परत सांगे. मी तिले शंभर वेळा काहून पुसलं तरी ती चिडली नाई. सासरी मी टिकली ते तिच्यानं, हे मी तुमाले खरं सांगते.

मंग बुढीले शुगर निघाली. शुगरवाल्या माणसाले घडी घडी जा लागते, तुमाले तं माहीत असन. आमच्या विहाराजवळ तवा एक टिनाचं शेड होतं, लग्न म्हणा, बैठक म्हणा, वाचन म्हणा, सारं तिथंच होये. शेडले संडास नव्हता. माणसाइचं काय, ते मागं बोरीच्या झुडपाआड जात अन् बिडी ओढून परत येत. बाया कुठी जातीन दिवसाढवळ्या? घर जवळ असन तिचं ठीक, आमचं घर तं गावाच्या दुसऱ्या टोकाले. एक दिवस बुढी वाचन अर्धं सोडून घरी आली, एकटीच, भिंतीच्या आधारानं चालत, अन् सरळ मोरीत गेली. मी त्या दिवशी घरीच होती. तिनं काई सांगतलं नाई, मी काई पुसलं नाई. जन्मात एकदाच मी काहून नाई पुसलं, तं तवा. पांढरं लुगडं मी धुतलं अन् परसात वाळू घातलं. त्या दिवसापासून बुढी विहारात गेली नाई. कोणी बोलवाले आलं तं म्हणे, गुडघे दुखतेत वं बाई. शेजारीण वाचन ऐकून आली का तिले ओट्यावर बसवून पुसे, आज काय वाचलं. शेजारीण सांगे, वाचलं जी काईतरी चांगलं. बुढीचं तोंड असं उतरून जाये का मले पाहवत नव्हतं.

असे दोन पावसाळे गेले अन् मंग समाजमंदिर मंजूर झालं. शेड पाडून पक्का हॉल, त्याले जोडून संडास-बाथरूम. अध्यक्ष होते मनोहरकाका, विहाराले लागूनच त्यांचं घर. माणूस चांगला, पण टापटिपीचा लय शौक, त्यांच्या अंगणातल्या संडासाले गावात पह्यली टाईल्स लागली होती, अन् तिच्यावर एखादा पाहुणा घाण पाय ठेवीन म्हणून ते त्याले कुलूप लावत अन् किल्ली शर्टाच्या खिशात ठेवत. आमी हासो. काम आमच्याच मिस्त्रीले भेटलं, मतलब मले बी भेटलं. शेडचे टिन उतरवून राहिलो होतो तवा पंचायत समितीचे जेई साहेब आले, इंजिनिअर जी, पोरगेलासा होता, साताऱ्याकडचा. बोली अशी का ऐकतच राहावं, आपल्यासारखं मले-तुमाले नाई, सारं मला अन् तुम्हाला. त्यानं काकाले पुसलं, एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं बसतात? काका म्हणे, शंभर. साहेबानं पुसलं, नक्की? काका म्हणे, एकदम नक्की, जास्त धरू नका, उगाच खोटं कायले सांगू. मी तिथंच होती. काकाचं काई चुकलं नव्हतं, शंभर माणसं तं बसतातच.

उन्हाळा लागला, मिस्त्रीनं जागेवर चुना टाकून आखणी केली. हे मले लय आवडते, पांढऱ्या रेघाइचं घर. भिंत नाई, छत नाई, पण तुमी या रेघेतून त्या रेघेत गेल्या का एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्या. मी तशी फिरून राहिली होती, हा स्टेज, हा हॉल, ही गंज-कढया ठेवाची खोली, चांगली मोठी, अन् मागच्या अंगाले संडास, एका बाजूले माणसाइचं, एका बाजूले बायाइचं. बायाइच्या बाजूले दोन खण. मी मिस्त्रीले पुसलं, एवढ्या मोठ्या हॉलले बायाइले दोनच सीट काहून? मिस्त्री म्हणे, नकाशात आहे. नकाशात काहून आहे? मिस्त्रीनं सुताचा गुंडा खाली ठेवला अन् म्हणे, बाई, साहेब येईन त्याले पूस, माझं डोस्कं नको खाऊ. त्याले वाटलं मी पुसणार नाई.

साहेब आला तवा मी पुसलं. म्हटलं साहेब, राग नसन येत तं एक सांगा, कोण्या इमारतीले किती सीट, किती नळ, हे तुमी काढता कसं, मनानं काढता का काई हिशोब रायते? काय सांगू तुमाले, तो पोरगा एवढा खूश झाला. म्हणे, बाई, इतकी वर्षं झाली, मला सगळे विचारतात काम कधी संपेल, हे कोणी विचारलंच नाही. खाली बसला उकिडवा, काडी घेतली अन् वाळूत लिहाले लागला. म्हणे, याचा नियम असतो. आधी बघायचं इमारत कशाची आहे. शाळा असेल तर वेगळं, दवाखाना असेल तर वेगळं, कारण दवाखान्यात माणूस दिवसभर असतो अन् सभेला दोन-तीन तास. मंग बघायचं, एका वेळी आत लोक किती. त्यातले अर्धे पुरुष अन् अर्ध्या स्त्रिया धरायच्या. मंग इतक्या पुरुषांमागं एक सीट अन् उभ्यानं करायच्या मुताऱ्या वेगळ्या, इतक्या बायकांमागं इतक्या सीट, हात धुवायचे नळ किती, अपंगासाठी एक वेगळं. मी पुसलं, बायाइले जास्त काहून मोजतेत? तो जरासा लाजला पण त्यानं सांगतलं. म्हणे पुरुषांना मुताऱ्या असतात, चटकन होऊन येतात. बायकांना प्रत्येक वेळी आत जाऊन दार लावावं लागतं, कपडे सांभाळावे लागतात, कोणाच्या कडेवर मूल असतं, म्हणून वेळ जास्त लागतो, म्हणून सीट जास्त लागतात. मी ऐकतच राह्यली जी. आपल्याले जे होते ते कोण्या तरी शहाण्या माणसानं बसून, मोजून, नियमात लिहिलं आहे, हे मले माहीतच नव्हतं. पदर खोचणं बी त्या हिशोबात आहे. मले एवढं बरं वाटलं का घमेल्यातला माल सुकून राहिला हे बी ध्यानात नव्हतं.

मंग तो म्हणे, आता तुमच्या हॉलचं बघा, शंभर माणसं, म्हणजे पन्नास बायका, त्यांना दोन सीट. बरोबर?

मी म्हटलं, साहेब, शंभर माणसातले पन्नास बाया कशा होतीन?

तो म्हणे, अर्ध्या धरायच्या ना. मी म्हटलं, अर्ध्या कशातल्या? शंभर माणसं मतलब शंभर माणसं, त्यात बाया येतीन कुठून? त्यानं माझ्याकडं पाह्यलं, मी त्याच्याकडं पाह्यलं. त्याले वाटलं हिले हिशोब येत नाई, मले वाटलं याले ऊन लागलं. मंग तो हळूच म्हणे, बाई, माणसं म्हणजे सगळी माणसं, तुम्ही माणूस नाही का? अन् मी त्याले सरळ सांगतलं, नाई जी, मी बाई आहो. माझा माणूस वरठीले कामाले जाते.

आता मले हासू येते, पण तवा कोणी हासलं नाई. मिस्त्री तोंड उघडं ठेवून पाहून राह्यला होता. साहेब उठून उभा राह्यला, डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. म्हणे, म्हणजे मनोहररावांनी मला फक्त पुरुष सांगितले? मी म्हटलं, तुमी माणसंच पुसले ना. आमच्याकडं माणसं एका बाजूले बसतेत, बाया दुसऱ्या बाजूले, काका सतरंजीच्या माणसाइच्या बाजूनं मोजून बोलले, खोटं काई सांगतलं नाई. त्यानं पुसलं, मग बायका किती असतात? मी म्हटलं, माणसाइहून जास्त. वाचनाले तं बायाच बाया. साहेबानं वाळूतला सारा हिशोब पायानं मिटवला अन् नव्यानं मांडला. दोनाच्या जागी पाच आले. पाच, जी. मी त्या पाचाच्या आकड्याकडं पाहून राहिली होती अन् मले आमची बुढी दिसून राहिली होती, भिंतीच्या आधारानं चालत येणारी.

पण आकडा वाळूत आला म्हणून जमिनीत येत नाई. साहेब म्हणे, जागा तेवढीच आहे, तीन सीट वाढवायच्या तर भांड्यांची खोली लहान करावी लागेल, अन् ते मी माझ्या मनानं करू शकत नाही, समितीनं सांगायला पाहिजे, अन् पाया भरायच्या आधी सांगायला पाहिजे, एकदा पाया भरला की मलाही हात लावता येणार नाही. पाया भरणार होतो बुद्धपौर्णिमा झाली का लगेच. समितीची बैठक झाली. काका पह्यले तं पोट धरून हासले, म्हणे साहेब, तुमची मराठी अन् आमची मराठी एकच समजून आपण दोघंही फसलो. पण भांड्यांच्या खोलीचं नाव निघालं तसं हासू गेलं. एकजण म्हणे, गंज कुठी ठेवाचे? दुसरा म्हणे, पाच संडास धुवन कोन? अन् मंग काकानं पुसलं. म्हणे, सुमन, तू म्हणते ते हिशोबानं बरोबर असन, पण मी विहाराच्या बाजूलेच रायतो, एवढे कार्यक्रम झाले, मले एक बाई कधी उठून जाताना दिसली नाई. गरज असती तं दिसली नसती काय? साऱ्याइनं माना हालवल्या. बाया मागं बसल्या होत्या, त्याईनं पदर सारखे केले. मी बी केला. काका कुचकेपणानं नाई पुसून राहिले होते, त्याईले खरंच तसं वाटे.

घरी येऊन बुढीले सांगतलं. ती तांदूळ निवडून राहिली होती. पह्यले तं माणसं अन् बायाइची गोष्ट ऐकून ती एवढी हासली का सुपातले तांदूळ सांडले. मंग काकानं काय पुसलं ते सांगतलं. तिनं सूप बाजूले ठेवलं. मंग म्हणे, मनोहरले दिसन कसं वं सुमन, कार्यक्रम राह्यला का आमी सकाळपासून पाणीच पीत नाई. म्हणे, माह्या आईनं मले शिकवलं, चार बायात जायचं असन तं पाण्याले तोंड लावू नको, तुले तुह्या आईनं शिकवलं असन. अन् खरंच, मले शिकवलं होतं. कोन्या दिवशी शिकवलं ते आठवत नाई, पण मी बी लग्नाले जायचं असलं का तांब्याले हात लावत नव्हती, एवढी काहून काहून करणारी मी, अन् हे काहून मी कधी पुसलंच नव्हतं. वैशाखात लग्नं रायतेत आमच्याकडं, कसं ऊन रायते तुमी पाहून राहिल्या, त्यात बाया चक्कर येऊन पडतेत अन् लोक म्हणतेत ऊन लागलं. ऊन तं माणसाइले बी लागतेच ना. ते पाणी पितेत.

बुढीनं तांदूळ गोळा केले अन् म्हणे, या पौर्णिमेले पिऊ.

एवढंच म्हणे. मंग हापशीवर पाणी भरताना मी एकीले सांगतलं, तिनं दुसरीले सांगतलं. कोणी म्हणे, पिऊन जायचं कुठी पण? मी म्हटलं, काकाच्या घरी, बाजूलेच तं आहे, टाईल्सवाला. बाया पदर तोंडाले लावून हासल्या, मले वाटलं काई होत नाई, हासून मोकळ्या होतीन. पौर्णिमेले चुन्याच्या रेघाइच्या बाजूले मांडव टाकला होता. साहेबाले बी बोलावलं होतं, तो पांढरा शर्ट घालून समोर बसला होता. बुढी आली. एवढ्या सालानंतर पह्यल्यांदा, माझा हात धरून, तेच पांढरं लुगडं नेसून. मांडवाच्या दाराजवळ माठ ठेवला होता, तिनं तिथं थांबून एक गिलास पाणी पिलं, साऱ्याइच्या समोर, मंग दुसरा गिलास भरून मागच्या बाईच्या हातात देला. त्या बाईनं तिच्याकडं पाह्यलं अन् पिलं. मंग तिच्या मागचीनं पिलं. एका मागं एक, माठ रिकामा झाला अन् परत भरा लागला. पाणी वाढणारा पोट्टा म्हणे, आज बायाइले एवढी तहान कशी लागली.

वंदना झाली, वाचन सुरू झालं, अन् दहा-पंधरा ओळी झाल्या नसतीन तं बुढी उठली. साऱ्यात पह्यले तीच उठली. मी तिच्या मागं. मंग आमच्या मागं एक उठली, मंग तिच्या बाजूची, मंग पोट्टं कडेवर घेतलेली, मंग साऱ्या. काकाच्या अंगणात काकू फाटकाजवळ धान वाळू घालून राहिल्या होत्या, त्याईनं आमाले पाह्यलं अन् आमी काई सांगाच्या पह्यले धान बाजूले सरकवलं अन् वाट करून देली. पण दाराले कुलूप. किल्ली काकाच्या खिशात, अन् काका मांडवात समोरच्या रांगेत. रांग लागली जी, दारापासून अंगणभर, अंगणातून सडकेपर्यंत, पांढऱ्या लुगड्याइची. कोणी घाई केली नाई, साऱ्या उन्हात उभ्या. तिकडं वाचणारी पोट्टी थांबली, कारण का ऐकाले बायाच उरल्या नव्हत्या.

काका पाहाले आले, मागं साहेब. काका फाटकात थांबले. त्याईनं रांग पाह्यली या टोकापासून त्या टोकापर्यंत, अन् मंग दाराजवळ उभी असलेली बुढी पाह्यली, तिनं भिंतीले हात लावला होता. काकानं तिले आपल्या लहानपणापासून पाह्यलेलं, वहिनी म्हणत तिले. बुढी मोठ्यानं नाई बोलली. म्हणे, मनोहर, दोन पावसाळे मी गुडघ्याचं नाव सांगतलं. गुडघे माहे चांगले आहेत.

काकानं खिशातून किल्ली काढली. कुलूप त्याईनं नाई काढलं, किल्ली बुढीच्या हातात देली, दोन्ही हातानं देली, अन् पाठ फिरवून साहेबाजवळ गेले. म्हणे, साहेब, मी तुमाले माणसं सांगतली होती. बाया या आहेत, मोजून घ्या. अन् साहेबानं तिथंच मोजल्या, बोट नाई दाखवलं कोणाकडं, नुसता मनातल्या मनात ओठ हालवून. मी त्या पोराले तवाच मनातून आशीर्वाद देला.

गंज आता स्टेजच्या खाली ठेवतो, तिथं साहेबानं पोकळी ठेवून देली, त्याचं बी डोकं चाललं. भांड्यांची खोली गेली अन् बायाइच्या बाजूले पाच सीट आल्या, त्यात एक बसायचं कमोड, बाजूले धराले दांडा, बुढीसारख्यासाठी. आत नळ. मी फक्त एक म्हटलं, साहेब, खुंटी लावा आतून, पिशवी कुठी ठेवाची ओल्यात. तो म्हणे हे नियमात नाही, पण लावू. पाचही दाराले खुंट्या आहेत, जाताना पाहून घ्या. हॉल झाला, साहेबाची बदली झाली, काका मंग वारले. जायच्या आधी त्याईनंच समितीत सांगून हॉलची देखरेख मले देली. मी आता घमेलं उचलत नाई, हॉल झाडते, धुते, कार्यक्रम असला का उघडते. हॉलच्या मोठ्या दाराले कुलूप लावते मी, पण संडासाले कधी नाई लावलं. कोण्या गावात नवा हॉल होऊन राह्यला तं तिथले लोक पाहाले येतेत, अन् मी त्याईले एवढंच सांगते, इंजिनिअर माणसं पुसन तं माणसं बी सांगा अन् बाया बी सांगा, कोण्या गावचा आहे तो आपल्याले काय माहीत. अन् कुठीही गेली, भंडाऱ्याच्या स्टँडवर म्हणा, तुमसरच्या मंगल कार्यालयात म्हणा, मी पह्यले मागं जाऊन पाहून येते बायाइले किती आहे. माझी पोरगी म्हणते, आई, लोक नवरदेव पाहाले जातेत, तू काय पाहाले जाते. पाहू दे तिले हासू.

बुढी आता ऐंशीच्या घरात असन, तिलेच माहीत नाई. वर्षावासात रोज येते, साऱ्यात समोर बसते. मधात उठते, दांडा धरून हळूहळू जाऊन येते, अन् परत आली का वाचणाऱ्या पोट्टीले म्हणते, मी गेली तवा काय वाचलं ते परत वाच. अन् ती परत वाचते, साऱ्या बाया थांबतेत. मले त्याचं एवढं सुख वाटते का मी दाराजवळ झाडू घेऊन उभी राहून ऐकते.

झालं जी, एवढंच होतं. आता ते मशीन बंद करा अन् माझं एक ऐका. तुमी आल्या तवापासून मी पाहून राहिली, त्या गिलासाले तुमी हात नाई लावला. भंडाऱ्यावरून निघाल्या असान सकाळी, अन् परत बसनं जायचं आहे. मी तुमाले काहून म्हणून नाई पुसणार. पाणी प्या, बाई. मागच्या अंगाले पाच दारं आहेत, पाचही उघडी आहेत.